देखावा फसतो तेव्हा: सजीव देखावे, मुले आणि श्रद्धेचा प्रश्न

कोल्हापुरातल्या गणेशोत्सवाचे सरळ दोन भाग पडतात. पहिले काही दिवस घरच्या गणपतीचे आणि गौरींचे असतात. घरगुती गणपतींचे विसर्जन झाले, की तिथून अनंत चतुर्दशीपर्यंतच्या रात्री मंडळांच्या देखाव्यांच्या. राजारामपुरीत तांत्रिक देखावे पाहायला जायचे आणि शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या जुन्या पेठांत सजीव देखावे, असा शहराचा परिपाठ आहे. निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा, उभा मारुती चौक आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या या रात्री माणसांनी भरून जातात. त्यांत मुले पुष्कळ असतात. लहानगी वडिलांच्या खांद्यावर, जरा मोठी आईचा हात धरून.

सजीव देखावा म्हणजे मंडपात किंवा लोखंडी पाइपांच्या रंगमंचावर पेठेतल्याच मुलामुलींनी, तरुणांनी उभा केलेला छोटा नाट्यप्रसंग. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात. मंचावरचे नट त्या आवाजावर नुसते ओठ आणि अंग हलवतात, त्यामुळे प्रकार मूकाभिनयाच्या जवळ जातो. दहा-पंधरा मिनिटांचा प्रसंग संपला, की पडदा पडतो, गर्दी पुढे सरकते आणि तोच प्रसंग नव्या प्रेक्षकांसाठी पुन्हा सुरू होतो. विषय बहुधा शिवचरित्रातले, पुराणातले, कधी व्यसनमुक्तीसारखे सामाजिक. इंग्लंडात नाताळच्या सुट्टीत घरातल्या मुलांना पँटोमाइम पाहायला न्यायची जी रीत आहे, तिच्याशी याचे नाते उघड आहे. वर्षातून एकदाच येणारा सण, त्याच्या निमित्ताने मांडलेले नाटक, आणि ते मुलांना दाखवलेच पाहिजे अशी मोठ्यांची समजूत, हे सगळे दोन्हीकडे सारखे.

हे नाटक फसते, तेव्हा काय घडते हा या लेखाचा विषय आहे. फसण्याचे प्रकार पेठेत सगळ्यांना माहीत असतात. दीड तास रांगेत उभे राहून मंचासमोर पोचावे, तर पाहुण्यांचा सत्कार चाललेला असतो, फेटे बांधले जात असतात, नारळ दिले जात असतात. मग पडदा उघडतो. पावनखिंडीचा प्रसंग असतो. बाजीप्रभूंची दाढी एका कानाकडून सुटून लोंबते. आवाज मध्येच अडकतो आणि एकच वाक्य तीनदा ऐकू येते. धारातीर्थी पडलेला मावळा मच्छर बसला म्हणून पाय खाजवतो. खांद्यावरचे पोर खाली वाकून विचारते, “त्यो मेलाय न्हवं? मग हालायला कसा लागलाय?” वडील म्हणतात, “गप बघ.” पडदा पडतो. पोर घरी जाईपर्यंत बोलत नाही.

त्या गप्प बसण्यात नेमके काय मोडलेले असते, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. एक उत्तर असे की काहीच मोडलेले नसते. खेळ होता, बिघडला, उद्या विसरेल. दुसऱ्या उत्तराप्रमाणे मुलाच्या कोवळ्या श्रद्धेला तडा गेलेला असतो, कारण देव आणि थोर पुरुष यांना त्याने अशा अवस्थेत पाहायला नको होते. तिसरे उत्तर सर्वांत कडक आहे: देखावा मुळात खोटाच असतो, तो फसला म्हणजे खोटेपणा उघडा पडला, आणि त्यात मुलाचे नुकसान नसून हितच आहे.

तिसऱ्या उत्तराला मोठी परंपरा आहे, म्हणून ते आधी पाहिले पाहिजे. बौद्धांच्या संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटांच्या प्रमुखाची कथा येते. रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना हसवणारा, रमवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, असे आपले पूर्वाचार्य सांगत आले, यावर आपले काय म्हणणे, असे तो बुद्धांना विचारतो. बुद्ध दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, की जे आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले आहेत त्यांच्यात नट तेच आणखी वाढवतो, म्हणून त्याची गती चांगली नाही. तालपुट रडतो आणि पुढे भिक्षू होतो. हा आक्षेप हलका नाही. मात्र बारकाईने वाचले तर बुद्धांचा रोख सोंगाच्या खोटेपणावर नसून त्यातून पाहणाऱ्याच्या मनात काय वाढते, त्यावर आहे. देखाव्याची परीक्षाही त्याच जागी व्हायला हवी.

मूल सोंगाला सत्य समजून फसते, ही समजूत मात्र टिकत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रावर विचार करणाऱ्या आचार्यांपैकी शंकुकाने यासाठी चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. भिंतीवर रंगवलेला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. हे ज्ञान खरे नाही, चूक नाही, संशय नाही आणि ‘घोड्यासारखे काहीतरी’ असे साम्याचे ज्ञानही नाही. चारांपेक्षा वेगळी अशी ही पाचवी जाणीव आहे, आणि रामाचे काम करणाऱ्या नटाला पाहताना प्रेक्षकाची जाणीव याच जातीची असते. विसाव्या शतकातल्या मानसशास्त्रालाही हीच गोष्ट वेगळ्या वाटेने दिसली. केळे कानाला लावून ‘फोन’वर बोलणाऱ्या आईकडे पाहून दोन वर्षांचे मूल केळ्याबद्दल गोंधळत कसे नाही, या प्रश्नावर ॲलन लेस्ली यांनी १९८७ मध्ये उपपत्ती मांडली. लुटुपुटूच्या खेळातला अर्थ मन खऱ्या जगापासून अलग ठेवते, आणि ही शक्ती फार लवकर येते, असे तिचे सार आहे.

पन्हाळ्याच्या वेढ्याचा प्रसंग पाहणाऱ्या कोल्हापुरी मुलाकडे लक्ष दिले तर हे लगेच पटते. १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले, तेव्हा नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेश घालून पालखीत बसला आणि शत्रूच्या हाती सापडून मारला गेला, ही कथा इथल्या मुलांना शाळेच्या आधीच घरात कळते. देखाव्यात हा प्रसंग असतो तेव्हा मंचावर गल्लीतला ओळखीचा दादा असतो, तो शिवा काशीद झालेला असतो, आणि शिवा काशीद महाराज झालेला असतो. सहा वर्षांच्या मुलाला हे तीन थर एकमेकांपासून वेगळे ठेवायला काडीचाही त्रास होत नाही. दादाला तो ओळखतो, शिवा काशीदसाठी हळहळतो, आणि महाराज पलीकडे सुखरूप गेले म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. शिवाय त्या कथेत सोंग हीच सर्वांत खरी गोष्ट आहे, कारण वेश घेणाऱ्याने त्याची किंमत प्राणांनी मोजली. सोंग आणि लबाडी यांतले अंतर मुलाला शिकवायला याहून चांगली कथा मिळणार नाही.

मूल फसलेले नव्हते, तर मग त्याचा हिरमोड कशाने झाला? याचे उत्तर शोधताना नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय उपयोगी पडतो, कारण त्यातले जगातले पहिले नाटकच फसलेले आहे. देवांनी ब्रह्मदेवाकडे डोळ्यांनी पाहता येईल आणि कानांनी ऐकता येईल असे एक खेळणे मागितले. ब्रह्मदेवाने चार वेदांतून घेऊन पाचवा नाट्यवेद रचला. भरताने आपल्या शंभर पुत्रांसह इंद्रध्वजाच्या उत्सवात प्रयोग लावला. विषय होता दैत्यांच्या पराभवाचा. दैत्य चिडले, आणि विरूपाक्षाच्या चिथावणीने विघ्नांनी मायेने नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. नट संवाद विसरून जागच्या जागी थिजले. इंद्राने ध्वजाच्या काठीने विघ्नांना झोडपले. त्यानंतर विश्वकर्म्याने बंदिस्त नाट्यगृह बांधले, त्याच्या प्रत्येक भागावर एकेक देवता रक्षणासाठी नेमली, आणि रंगपूजनाचा विधी ठरला. ब्रह्मदेवाने दैत्यांचीही समजूत घातली, की नाट्य कोणा एका पक्षाचे नाही, तिन्ही लोकांच्या भावांचे ते अनुकीर्तन आहे.

भारतीय परंपरेने नाटकाच्या जन्मकथेतच अपयश ठेवले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्रयोग मोडू शकतो, म्हणून त्याला राखण लागते आणि म्हणून आधी पूजा लागते. शेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्यांच्या नाटकांत आधी गणपती आणि सरस्वती रंगमंचावर येत, मग कथा सुरू होई. कोकणातल्या दशावतारातही गणपती पहिला. विघ्नहर्त्याच्या उत्सवात होणारा देखावा याच ओळीत बसतो.

भरत पुढे सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या दोषांची मांडणी करतो, आणि ती आजच्या मंडपालाही लागू पडते. वारा, पाऊस, आग, किडे-मुंग्या यांनी होणारा बिघाड दैवी. प्रेक्षकांतल्या वैऱ्यांनी आरडाओरडा करून, वस्तू फेकून केलेला बिघाड परकृत. भूकंपासारखा बिघाड उत्पाताचा. आणि संवाद विसरणे, दुसऱ्याचे वाक्य बोलणे, मुकुट किंवा अलंकार गळून पडणे हे नटांचे स्वतःचे दोष. भाद्रपदातला पाऊस मंडपाच्या ताडपत्रीवर कोसळून ध्वनियंत्रणा बंद पडली तर तो पहिल्या वर्गातला. दाढी सुटली तर शेवटच्या वर्गातला. भरताची दृष्टी उदार आहे. गुण नाही असे जगात काही नाही आणि दोष नाही असेही काही नाही, म्हणून नाट्यातले दोष फार ताणून धरू नयेत, असे तो परीक्षकांना सांगतो. पण दोष कुणाचा, हे मात्र तो कधीच एकत्र मिसळत नाही.

दोषामुळे पाहणाऱ्याच्या मनात काय बिघडते याचे सर्वांत सूक्ष्म विवेचन अभिनवगुप्ताने केले. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर काश्मीरात होऊन गेलेल्या या शैव तत्त्वज्ञाने ‘अभिनवभारती’ या टीकेत रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. पहिले विघ्न घडणारी गोष्ट शक्यच न वाटण्याचे. त्यावर त्याचा उपाय असा, की असामान्य पराक्रमाची कथा असेल तर नायक असा घ्यावा, ज्याच्या कीर्तीवर लोकांचा विश्वास आधीच खोल रुजलेला आहे. शिवाजी पेठेत हे विघ्न येतच नाही. मूठभर मावळ्यांनिशी बाजीप्रभू खिंड कशी लढवतील, ही शंका इथल्या मुलाच्या मनाला शिवत नाही. दुसरे विघ्न ‘इथे, आत्ता, हा अमका’ या भानाचे. पूर्वरंग, वेशभूषा, मुकुट हे सगळे नटाची खासगी ओळख झाकण्यासाठी असतात. दाढी सुटली की बाजीप्रभू जातात आणि कोपऱ्यावरच्या घरातला दादा उरतो. मुलाला दादा माहीत नव्हता असे नाही, पण आता दादाच तेवढा उरतो. तिसरे विघ्न स्वतःच्या सुखदुःखाने व्यापलेले असणे. दीड तास रांगेत उभे राहून पाय दुखणारे, लघवीला लागलेले, भूक लागलेले मूल या विघ्नासह मंचासमोर पोचते, आणि हा दोष बहुतेक वेळा मंचाचा नसून मुलाला घेऊन आलेल्यांचा असतो. पुढची दोन विघ्ने साधनांच्या उणिवेची आणि अस्पष्टतेची आहेत: आवाज फाटतो, मुलाला पुढच्या माणसाच्या डोक्याखेरीज काही दिसत नाही. सहावे विघ्न गौण गोष्टीने मुख्य गोष्टीची जागा घेण्याचे. पाहुण्यांचे सत्कार, प्रायोजकांचे फलक, नुसता धूर आणि नुसते दिवे यांत प्रसंग बुडून जातो, तेव्हा हे विघ्न आलेले असते, आणि आजच्या उत्सवात सर्वांत बळावलेले तेच आहे. सातवे संशयाचे: मंचावरचा माणूस रडतो आहे की हसतो आहे, तेच कळत नाही.

या यादीत मुलाच्या अज्ञानाला किंवा भोळेपणाला कुठेच जागा नाही. उलट मूल या विघ्नांना मोठ्यांपेक्षा अधिक उघडे असते. इंग्रज कवी कोलरिजने १८१७ मध्ये वाचकाच्या स्वखुशीने बाजूला ठेवलेल्या अविश्वासाची कल्पना मांडली. परीकथांविषयी १९३९ साली दिलेल्या व्याख्यानात इंग्रज लेखक टॉल्किनने तिला हरकत घेतली. चांगल्या कथेत ऐकणारा शिरतो, तेव्हा आत असेपर्यंत तो खरोखर विश्वास ठेवतो. अविश्वास जागा झाला, की कला हरली. मग तो मुद्दाम बाजूला ठेवणे ही फक्त सौजन्याची कसरत उरते, असे त्याचे म्हणणे. देखाव्यासमोर उभे असलेले मोठे लोक हेच सौजन्य दाखवत असतात. पेठेतल्या पोरांनी केले आहे, कौतुक केले पाहिजे, असे म्हणून ते टाळ्या वाजवतात. मुलाला हे सौजन्य अजून येत नाही. म्हणून ते मेलेला मावळा का हालतो, असे विचारते.

आता दुसऱ्या उत्तराकडे, म्हणजे श्रद्धेला तडा जाण्याच्या भीतीकडे वळता येते. महाराष्ट्रात मुलाच्या श्रद्धेची आदर्श कथा नामदेवाची आहे. वडिलांच्या गैरहजेरीत लहान नामदेव नैवेद्य घेऊन राउळात जातो आणि विठ्ठल जेवत नाही म्हणून हट्टाला पेटतो. मूर्ती खरोखर जेवत नाही, हे मोठ्यांनी मान्य केलेले असते आणि तरी रोज नैवेद्य दाखवला जात असतो. मुलाला ही तडजोड ठाऊक नाही. तो डोके आपटून प्राण द्यायला निघतो, आणि देव जेवतो. संतचरित्रांच्या परंपरेने ही कथा मुलाच्या बाजूने सांगितली आहे. तिचे तात्पर्य एवढेच नव्हे की निरागस भक्तीला देव पावतो. मोठ्यांचा सराईतपणा तिथे मुलासमोर उघडा पडतो, हेही त्यात आहे.

याच परंपरेत दुसरे टोकही आहे. मातीचा पशुपती करून पूजला, तर पूजा शिवाला पोचते आणि माती मातीत मिळते, असे तुकोबांनी एका अभंगात सांगितले. पार्थिव गणपतीचा सगळा विधी याच समजुतीवर उभा आहे. मूर्ती घरी आणतात, प्राणप्रतिष्ठा करतात, पूजा करतात. मग उत्तरपूजा होते, मूर्ती जागची हलवली जाते, आरती होते आणि ती पाण्यात जाते. पूर्वी पंचगंगेत, आता पुष्कळशा रंकाळ्याजवळच्या इराणी खणीत. शिवाजी पेठेतले मूल दरवर्षी हे पाहते. इतके दिवस ज्याला देव म्हटले त्या रूपाची माती होताना ते रडते, आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणून ओरडतेही. म्हणजे रूप तात्पुरते आहे हे त्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. रूप मोडले म्हणून त्याची श्रद्धा मोडत असती, तर ती दर वर्षी विसर्जनाला मोडली असती.

मग विसर्जनात आणि फसलेल्या देखाव्यात फरक कोणता? विसर्जनात रूप मोडले जाते ते विधीने, निरोप घेऊन, सगळ्यांच्या देखत आणि सगळ्यांच्या संमतीने. फसलेल्या देखाव्यात ते निष्काळजीपणाने मोडते, आणि मोडले आहे हे कोणी कबूलही करत नाही. मुलाला दुखते ते इथे. मातीच्या देवाची माती झालेली त्याला चालते. देव म्हणून उभे केलेल्या रूपाकडे कोणाचे लक्षच नव्हते, हे चालत नाही. आजवर मोठ्यांनी ‘हात जोड, पाया पड, गंभीर राहा’ असे सांगितले, आणि तेच मोठे लोक सराव न करता, दाढी नीट न चिकटवता महाराजांचे रूप घेऊन उभे राहिले. तडा जातो तो देवावरच्या नव्हे, मोठ्यांच्या सच्चेपणावरच्या विश्वासाला. आणि देवावरचा विश्वास त्या वयात मोठ्यांच्या हातूनच आलेला असतो, म्हणून दुसऱ्या उत्तरातली भीती अगदी निराधार म्हणता येत नाही; तिने बोट चुकीच्या जागी ठेवले, इतकेच.

हा भेद गीतेतही स्पष्ट आहे. नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी, जे भक्तीने दिले ते स्वीकारतो असे भगवंत म्हणतात, आणि सतराव्याच्या शेवटच्या श्लोकात श्रद्धेवाचून केलेले हवन, दान, तप असत् ठरवतात. दोन्ही वचने एकत्र वाचली तर गरिबी आणि हलगर्जी यांतला फरक समोर येतो. पुठ्ठ्याची तलवार, चुन्याने रंगवलेल्या पोत्यांचा पन्हाळा, घरच्या नऊवारीतल्या जिजाबाई हे सगळे पान-फूल-पाण्याच्या बाजूला पडते. पूजेच्या राजोपचारांत गीत, वाद्य आणि नृत्य येतात. गणपतीसमोरचा देखावा त्याच नात्याने आधी देवाला वाहिलेला उपचार आहे. माणसे नंतरची प्रेक्षक. त्यामुळे तो फुकट आहे, वर्गणीतून झाला आहे, तक्रार कशाची करायची, हा युक्तिवाद उलट्या दिशेने जातो. २००८ च्या नाताळात इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागात मुलांसाठी ‘लॅपलँड’ उभारल्याची जाहिरात झाली, प्रत्यक्षात चिखल आणि मोडकीतोडकी सजावट निघाली, आणि काही दिवसांतच ते बंद करावे लागले. तिथे पालकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले. व्यवहार मोडला होता आणि त्याची भरपाई पैशांत शक्य होती. शिवाजी पेठेत तिकीट नाही, म्हणून भरपाईही नाही. वाहिलेल्या वस्तूत कसूर झाली तर ती फक्त पुढच्या वर्षीच्या सरावाने भरून निघते.

भव्य देखावा केला म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, तेव्हा त्यातला कीचकवध इतका अस्सल उतरला, की प्रेक्षकांना तो सोसेना आणि ते दृश्य कापावे लागले. इथे रूप मोडले नव्हते. ते इतके घट्ट बसले की त्यातून बाहेर येण्याची वाटच राहिली नाही. त्याआधीच्या वर्षी दादासाहेब फाळक्यांनी ‘कालियामर्दन’मध्ये वेगळा मार्ग घेतला होता. फाळक्यांना चित्रपटाचा ध्यास लागला तो मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहून. पडद्यावर येशू दिसत असताना आपल्या मनासमोर कृष्ण आणि राम येत होते, असे त्यांनी पुढे लिहिले. ‘कालियामर्दन’च्या आरंभी त्यांची लहान मुलगी मंदाकिनी साध्या रूपात दिसते, चेहऱ्यावर एकेक भाव करून दाखवते, आणि मग तिच्याच जागी कृष्ण उभा राहतो. ही मुलगी आहे आणि आता ती कृष्ण होणार आहे, हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकले. त्याने प्रभाव कमी झाला नाही. आत जायचे दार दिसले, की बाहेरचेही दिसते, आणि मधल्या वेळात मन निर्धास्तपणे आत राहू शकते. देवळांतल्या उत्सवाच्या शेवटच्या रात्रीचे लळीत हे बाहेरचे दार होते: सोंगे येत, आपापले मागणे मागत, प्रसाद वाटला जाई आणि उत्सव संपे. आजच्या देखाव्यांना आरंभीचा गणपती आपसूक मिळतो. शेवटी मात्र पडदा झपकन पडतो आणि ध्वनिक्षेपक लोकांना पुढे सरका म्हणतो. प्रसंगानंतर नटांनी अर्धा मिनिट पुढे येऊन गणपतीला आणि लोकांना नमस्कार केला, तर गर्दीचे वेळापत्रक फारसे बिघडणार नाही आणि मुलांना निरोप घेता येईल.

उरतो घरी परततानाचा भाग, आणि तो सर्वस्वी पालकांकडे असतो. ‘गप बघ’ हे उत्तर सर्वांत वाईट, कारण त्यात मुलाने जे अचूक पाहिले ते पाहिले नाही असे मानण्याची सक्ती आहे. ‘सगळे नाटकच असते’ हे दुसरे वाईट उत्तर. त्याने निष्काळजीपणाला तत्त्वज्ञानाचा दर्जा मिळतो. तिसरा मोह मुलाच्या श्रद्धेवरच भार टाकण्याचा. १९०४ च्या डिसेंबरात लंडनमध्ये ‘पीटर पॅन’ रंगभूमीवर आले, तेव्हा मरणाऱ्या परीला वाचवायला, परींवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा, असे मुलांना सांगितले गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि परी वाचली. रंगमंचावरची ती युक्ती सुंदर आहे. पण घरातले मोठे जेव्हा म्हणतात, की तुझा भाव कमी पडला म्हणून तुला मजा आली नाही, तेव्हा मंचावरच्यांची कसूर मुलाच्या खात्यावर टाकली जाते. हा अन्याय आहे, आणि धार्मिक शिकवणुकीत तो फार वेळा होतो. सरळ उत्तर अवघड नाही. दाढी सुटली होती, खरे आहे. त्यांनी सराव कमी केला. बाजीप्रभू मात्र तसे नव्हते. इतके सांगितले की दादा, नट आणि बाजीप्रभू हे तिन्ही थर मुलाच्या मनात पुन्हा आपापल्या जागी बसतात. मग घरी पोचल्यावर पावनखिंडीची गोष्ट नीट सांगता येते, आणि जमले तर आषाढात पन्हाळ्यापासून पावनखिंडीच्या वाटेने मुलाला चालवत नेता येते. पन्हाळा कोल्हापुरापासून दूर नाही.

वयाचा विचारही इथे येतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला तलवारी, किंकाळ्या आणि रात्री अकराची गर्दी यांतून काय मिळते, याचा पालकांनी विचार केलेला बरा. त्याला उजेडात, गर्दी नसताना, मंडपातला गणपती आणि मोकळा रंगमंच दाखवला तरी पुरते. सात-आठ वर्षांच्या पुढे मुले देखाव्याचे पक्के परीक्षक होतात. दहा-बारा वर्षांची झाली की त्यांच्यातलीच काही मंडळाच्या दारात उभी राहतात आणि यंदा मावळा तरी करू द्या म्हणतात. पडद्यामागे गेल्यावर त्यांना सगळे दिसते: भाड्याचे अंगरखे, दाढीचा गोंद, एकाच संवादावर एका रात्रीत अनेकदा मरावे लागणे. त्यातली बहुतेक मुले मंचावर जाण्याआधी गणपतीच्या पाया पडतात, आणि ते कोणी सांगितलेले नसते. यंत्रणा कळल्याने त्यांचा भाव उणावत नाही, कारण आता भाव राखण्याचे काम त्यांच्याकडे आलेले असते. पुढच्या वर्षी दुसऱ्या गल्लीचा देखावा पाहताना अशी मुले पावसाने बंद पडलेल्या आवाजाकडे दुर्लक्ष करतात, आणि सरावाशिवाय उभ्या राहिलेल्या बाजीप्रभूंना मात्र सोडत नाहीत.